राणीची दया आणि रयतेची सनद

ब्रिटनमधल्या आयटीव्ही वाहिनीने २०१६ साली 'व्हिक्टोरिया' ही मालिका सुरू केली आणि २०१९ पर्यंत तिची तीन पर्वे दाखवली. अठराव्या वर्षी गादीवर बसलेली मुलगी, तिचे लग्न, तिची बाळंतपणे, रुसवेफुगवे आणि तिच्या राज्याची १८३७ पासूनची पहिली चौदा वर्षे, असा हा पसारा आहे. लेखिका डेझी गुडविन यांनी राणीच्या रोजनिशीचा विद्यार्थीदशेपासून अभ्यास केलेला. जेना कोलमन या नटीने राणीचे काम झकास केले आहे, त्याबद्दल वाद नाही. आपल्या वस्त्यांतली इंग्रजी शिकलेली मुलेमुली ही मालिका मोबाईलवर पाहतात आणि राणी मनाने किती चांगली होती हे आम्हाला ऐकवतात. राजेराण्यांच्या मालिकांवर शाई खर्च करण्याची आम्हाला हौस नाही. पण राणीच्या चांगुलपणाची ही गोष्ट आंबेडकरी घरात जशीच्या तशी गिळली जात असेल, तर तिची उलटतपासणी करणे आमचे काम आहे.

मालिका टाकाऊ आहे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. उलट आपल्याकडच्या ऐतिहासिक मालिकांत तलवारींचा खणखणाट आणि भालावरचा टिळा यांपलीकडे काही दिसत नाही, त्या मानाने ही मालिका पुष्कळ शहाणी आहे. राजवाड्याच्या तळघरातले नोकरचाकर तिथे माणसे म्हणून वावरतात. कामगारांचे बंड तिथे आहे, आयर्लंडचा दुष्काळ आहे, गुलामगिरीविरुद्धची सभा आहे. इतके सगळे आहे म्हणूनच जास्त सावध राहायला हवे. कारण हे सगळे प्रश्न पडद्यावर येतात ते राणीच्या डोळ्यांत पाणी आणण्यासाठी. गरीब माणूस येतो, राणी हेलावते, मंत्र्यांवर चिडते, काहीतरी कृपा करते आणि भाग संपतो. त्या गरिबाने स्वतः काय मागितले होते, हे विचारायला कोणालाच सवड नसते.

पहिल्या पर्वातले पंतप्रधान लॉर्ड मेलबर्न पाहा. रुफस स्यूएल या देखण्या नटाने ते उभे केले आहेत. बायको-मुलगा गमावलेला एकटा, हळवा, विनोदी माणूस. तरुण राणीला राज्यकारभार शिकवणारा आणि तिच्या मनात भरलेला. राणी त्यांच्यावर जवळजवळ प्रेमच करते असे मालिका दाखवते. खरे मेलबर्न १८३७ साली अठ्ठावन्न वर्षांचे होते, ते असो. आम्हाला त्यांच्या वयापेक्षा त्यांचा आधीचा धंदा महत्त्वाचा वाटतो. १८३० ते १८३४ या काळात ते इंग्लंडचे गृहमंत्री होते. त्या पदावर ते आले तेव्हा दक्षिण इंग्लंडमधले शेतमजूर मळणीयंत्रे फोडत होते. हिवाळ्यात हाताने मळणी करून जे चार पैसे मिळत ते यंत्राने खाल्ले, म्हणून हा उठाव. त्याला 'स्विंग'चे दंगे म्हणतात. तो मोडून काढण्यासाठी सरकारने खास न्यायालये बसवली. एकोणीस जण फासावर गेले आणि जवळपास पाचशे जण ऑस्ट्रेलियाकडे हद्दपार झाले. आपल्या भाषेत काळ्या पाण्यावर.

पुढे १८३४ साली डॉर्सेट परगण्यातल्या टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांची पाळी आली. आठवड्याची मजुरी सात शिलिंगांवर आलेली, ती सहावर आणण्याची धमकी. या सहा जणांनी संघटना बांधली आणि सभासद करून घेताना गुप्त शपथ दिली. शपथ दिली एवढ्याच गुन्ह्यासाठी प्रत्येकाला सात वर्षे काळे पाणी! गृहमंत्री मेलबर्न यांचा या खटल्याला पाठिंबा होता. एप्रिल १८३४ मध्ये लंडनच्या कामगारांनी दोन लाखांहून अधिक सह्यांचा अर्ज घेऊन प्रचंड मोर्चा काढला, तेव्हा एवढा जमाव घेऊन आलेला अर्ज स्वीकारायला मेलबर्न यांनी नकार दिला. जनतेच्या रेट्यापुढे १८३६ साली माफी द्यावी लागली. व्हिक्टोरिया गादीवर बसली त्या १८३७ सालापासून हे मजूर एकेक करून घरी परतू लागले. म्हणजे मालिका जिथून सुरू होते, त्याच वर्षी मेलबर्न यांचे बळी बोटीतून उतरत होते. कॅमेरा त्या धक्क्यावर गेला असता तर हळव्या 'लॉर्ड एम'चे काय झाले असते?

राणीच्या रोजनिशीतच आणखी एक नोंद आहे. डिकन्सची 'ऑलिव्हर ट्विस्ट' ही कादंबरी तेव्हा नवी होती आणि राणीला ती आवडली होती. मेलबर्न यांना मात्र ती मुळीच रुचली नाही. वर्कहाऊस, शवपेट्या करणारे, खिसेकापू, असल्या लोकांविषयी वाचणे त्यांना नको होते. हा झाला राणीचा राज्यकारभाराचा गुरू.

आता न्यूपोर्ट. पहिल्या पर्वाच्या एका भागात वेल्समधल्या न्यूपोर्टचे बंडखोर येतात. त्यांना देहदंड झालेला असतो. फाशी देऊन मग शरीराचे चार तुकडे करायचे, अशी ती जुनी रानटी शिक्षा. कोवळ्या राणीला हे सहन होत नाही, ती शिक्षा कमी करते आणि प्रेक्षकांच्या घशात आवंढा येतो. आमच्याही आला, नाही असे नाही. मग मालिका थांबवून आम्ही विचार केला की हे लोक नक्की कशासाठी उठले होते, ते या भागात कोणी सांगितले का? नावापुरते सांगितले.

हे लोक चार्टिस्ट होते. मे १८३८ मध्ये इंग्लंडच्या कामगार पुढाऱ्यांनी 'जनतेची सनद' प्रसिद्ध केली. तिच्यात सहा मागण्या होत्या. एकवीस वर्षांच्या प्रत्येक पुरुषाला मत, गुप्त मतदान, पार्लमेंटच्या सभासदाला मालमत्तेची अट नको, सभासदाला पगार, सारख्या लोकसंख्येचे मतदारसंघ आणि दरवर्षी नवे पार्लमेंट. (बायकांना मत त्यांनी मागितले नाही. ही त्या सनदेची उणीव होती आणि ती आम्ही झाकणार नाही.) १८३९ मध्ये पहिला अर्ज गेला, त्यावर बारा लाखांहून अधिक सह्या होत्या. पार्लमेंटने तो फेटाळला. मग ४ नोव्हेंबर १८३९ रोजी हजारो खाणकामगार आणि लोहारकामगार न्यूपोर्टवर चालून गेले. वेस्टगेट हॉटेलातून सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि वीसेक माणसे जागीच पडली. जॉन फ्रॉस्ट, झेफानाया विल्यम्स आणि विल्यम जोन्स या तिघांना देहदंड सुनावला गेला.

शिक्षा कमी झाली हे खरे, पण कशी? खटल्यात कायद्याचे तांत्रिक दोष निघाले होते, खुद्द सरन्यायाधीश टिंडल यांनी दया दाखवण्याचा आग्रह धरला होता आणि देशभरातून अर्जांचा पाऊस पडला होता. मंत्रिमंडळ आधी फाशी देण्याच्या विचारात होते, ते मागे हटले. १ फेब्रुवारी १८४० रोजी शिक्षा जन्मभराच्या काळ्या पाण्यावर आली. नऊ दिवसांनी, १० फेब्रुवारीला, सेंट जेम्स राजवाड्यातल्या चॅपेलमध्ये राणीचे लग्न लागले. मालिकेत लाखो सह्या करणारे, मोर्चे काढणारे, सभा घेणारे लोक बाजूला राहतात आणि त्यांनी मिळवलेली गोष्ट राणीच्या मनाच्या मोठेपणाच्या खात्यावर जमा होते.

आपल्याला हा हिशेब ओळखीचा आहे. महाडच्या तळ्यावर आपले लोक १९२७ साली गेले ते तहान भागवायला गेले नव्हते, माणूस म्हणून आपला हक्क बजावायला गेले होते, हे बाबासाहेबांनी तेव्हाच बजावून सांगितले. तरी आजही शाळेच्या पुस्तकात कुठला तरी दयाळू सुधारक अस्पृश्यांना 'जवळ करतो' आणि सगळे श्रेय घेऊन जातो. जवळ करणारा मोठा आणि तळ्यावर डोकी फोडून घेणारा निनावी. राणीच्या मालिकेत हेच तंत्र फक्त जास्त देखण्या कपड्यांत आहे.

चार्टिस्टांचा दुसरा अर्ज १८४२ चा. तेहतीस लाखांवर सह्या. तो पार्लमेंटच्या दारातून आत शिरेना, म्हणून दाराची चौकट काढावी लागली. ३ मे १८४२ रोजी या अर्जावर चर्चा झाली आणि तो २८७ विरुद्ध ४९ मतांनी फेटाळला गेला. विरोधात सर्वांत गाजलेले भाषण कोणाचे, माहीत आहे? थॉमस बॅबिंग्टन मेकॉले यांचे. सर्वांना मत दिले तर मालमत्तेचा नाश होईल, आणि सार्वत्रिक मताधिकार व सुधारलेला समाज या दोन गोष्टी एकत्र नांदूच शकत नाहीत, असा त्यांचा मुद्दा होता.

मेकॉले हे नाव आम्ही मुद्दाम घेतो. २००६ पासून दिल्लीत काही दलित विचारवंतांनी २५ ऑक्टोबरला त्यांचा जन्मदिवस साजरा केला. मेकॉलेंनी इंग्रजी आणली, मनूऐवजी सर्वांना एक दंडसंहिता देण्याचा मसुदा केला, म्हणून हे ऋण. दंडसंहितेबद्दल आम्हालाही आदर आहे. ब्राह्मणाला एक शिक्षा आणि शूद्राला दुसरी, हा प्रकार ज्या कायद्याने मोडला तो कायदा लहान नव्हे. पण हे मेकॉले १८३८ मध्ये हिंदुस्थानातून परत गेले, १८३९ मध्ये मेलबर्न यांच्या मंत्रिमंडळात युद्धखात्याचे मंत्री झाले आणि तीन वर्षांत त्यांनी स्वतःच्या देशातल्या विणकऱ्याला, खाणकामगाराला मत द्यायला विरोध केला. ज्या प्रौढ मताधिकाराला ते सुधारणेचा शत्रू समजत होते, तोच बाबासाहेबांनी सायमन कमिशनपुढे मागितला आणि संविधानात आणून ठेवला. जयंती करायचीच असेल तर त्या सहा मागण्या लिहिणाऱ्या लंडनच्या सुताराची, विल्यम लव्हेटची, का करू नये? तो आपला जास्त जवळचा नातेवाईक आहे.

गुलामगिरीच्या प्रश्नावर मालिका राणीच्या नवऱ्याला मोठे करते. राजपुत्र अल्बर्ट नवीन देशात स्वतःची जागा शोधतो आहे, गुलामगिरीविरुद्धच्या सभेत थरथरत पहिले भाषण करतो आणि टाळ्या पडतात. ही घटना खरी आहे. १ जून १८४० रोजी लंडनच्या एक्झिटर हॉलमध्ये ती सभा झाली. तेव्हा वेस्ट इंडीजमधली गुलामगिरी कायद्याने संपलेली होती. १८३३ च्या कायद्याने मालकांना दोन कोटी पौंड नुकसानभरपाई दिली. गुलामांना एक पैसाही नाही, उलट 'उमेदवारी'च्या नावाखाली आणखी काही वर्षे फुकट राबणे. ती उमेदवारी १ ऑगस्ट १८३८ रोजी संपली. पण मळेवाल्यांना माणसे हवीच होती. त्याच वर्षी मे महिन्यात 'व्हिटबी' आणि 'हेस्परस' ही दोन जहाजे कलकत्त्याहून ब्रिटिश गियानाला पोहोचली. त्यांत हिंदुस्थानातले करारबद्ध मजूर होते, पुष्कळसे छोटा नागपूरच्या डोंगरातले आदिवासी. मागवणाऱ्यांत अग्रभागी होते जॉन ग्लॅडस्टन. गुलामांच्या भरपाईत लाखभर पौंड खिशात घातलेला हा मळेवाला, पुढच्या पंतप्रधान ग्लॅडस्टनचा बाप.

आणि एक गोष्ट आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावी अशी आहे. १८३३ चा तो गाजलेला कायदा हिंदुस्थानाला लागू नव्हता. ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख त्यातून स्पष्टपणे वगळला होता. त्या मुलखात गुलाम नव्हते म्हणून वगळला काय? मलबारचे पुलया आणि चेरुमा, तमिळ देशातले परैयर आणि पळ्ळर, बिहारातले कमिया, हे जमिनीबरोबर विकले जाणारे, गहाण पडणारे, वारशात वाटले जाणारे लोक होते. जातीने अस्पृश्य आणि कायद्याने गुलाम. विल्यम अ‍ॅडम या गृहस्थांनी हिंदुस्थानातल्या गुलामगिरीवर एक पुस्तकच लिहून १८४० साली छापले. ते ज्या फॉवेल बक्स्टन यांना उद्देशून पत्ररूपाने लिहिले, त्याच बक्स्टन यांच्या संस्थेच्या सभेत अल्बर्ट बोलत होते. तेव्हा लंडनला माहीत नव्हते असे म्हणायची सोय नाही. शेवटी १८४३ चा पाचवा कायदा आला. सरकारी अधिकारी कोणाला गुलाम म्हणून विकणार नाही आणि न्यायालये मालकाचा हक्क मानणार नाहीत, एवढेच त्यात होते. गुलाम बाळगणाऱ्याला शिक्षा नव्हती. ती पुढे दंडसंहितेने आली. जमिनीचा तुकडा तर कोणालाच मिळाला नाही. पुलयाच्या पोराला कळलेसुद्धा नसेल की तो मोकळा झाला.

एक्झिटर हॉलच्या टाळ्या आम्हाला मान्य आहेत. पण ज्या माणसांना त्या टाळ्यांतून वगळले, ती आपली माणसे होती.

आयर्लंडचा भाग मालिकेच्या दुसऱ्या पर्वात आहे, आणि मालिकेतला तो सर्वांत प्रामाणिक भाग आहे असे आम्ही मानतो. रॉबर्ट ट्रेल नावाचा प्रॉटेस्टंट पाद्री कॅथलिक गरिबांना मरताना पाहतो आणि त्याच्याच धर्मपीठाचे लोक त्याला गप्प बसायला सांगतात. ट्रेल हा खरा माणूस, कॉर्क परगण्यातल्या स्कल गावचा. दुष्काळातल्या तापाने तो १८४७ साली मेला. लेखिका गुडविन त्याच्याच वंशातल्या. मालिकेत राणी त्याला बोलावून घेते, त्याचे ऐकते, पंतप्रधान पील यांना सुनावते. ही भेट लेखिकेच्या कल्पनेतली आहे. कल्पनेला आमची हरकत नाही. पण कल्पना नेमकी राणीच्याच मदतीला का धावून जाते?

खऱ्या राणीने आयरिश मदतनिधीला दोन हजार पौंड दिले. खऱ्या पील सरकारने निदान अमेरिकेतून मका आणवला. खरा कहर झाला तो १८४६ मध्ये रसेल यांचे सरकार आल्यावर. बाजारात हात घालायचा नाही, धान्याची निर्यात थांबवायची नाही, फुकट काही द्यायचे नाही, हे त्या सरकारचे धर्मसूत्र. १८४७ च्या उन्हाळ्यात सूपची सरकारी स्वयंपाकघरे रोज तीस लाख लोकांना जेवू घालत होती, म्हणजे करायचे ठरवले तर करता येत होते. ती काही महिन्यांत बंद केली. पाव एकराहून जास्त जमीन कसणाऱ्या कुळाने ती सोडल्याशिवाय मदत द्यायची नाही, असे कलम कायद्यात घातले. भाकरीसाठी वावर सोड, असा तो सौदा. सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. १८४१ च्या गणतीत आयर्लंडची लोकसंख्या ब्याऐंशी लाखांच्या आसपास होती, १८५१ मध्ये ती पासष्ट लाखांवर आली. या सगळ्या वर्षांत ब्रिटिश खजिन्याने मदतीवर खर्च केले सुमारे ऐंशी लाख पौंड, त्यातलाही मोठा वाटा कर्जाऊ. गुलामांच्या मालकांना दिलेले दोन कोटी पौंड वाचकांनी शेजारी मांडून पाहावेत.

या मदतीच्या किल्ल्या ज्या अधिकाऱ्याच्या हाती होत्या, त्याचे नाव चार्ल्स ट्रेव्हेल्यन. दुष्काळ ही ईश्वराची योजना आहे आणि त्यातून आळशी आयरिश समाजाला वळण लागेल, अशी त्याची श्रद्धा होती. हा माणूस हिंदुस्थानात कंपनीच्या नोकरीत घडला, कलकत्त्यात त्याने मेकॉलेंच्या बहिणीशी लग्न केले आणि पुढे तो मद्रासचा गव्हर्नर म्हणून परत आला. आयर्लंडच्या कामगिरीबद्दल १८४८ मध्ये त्याला 'सर' करण्यात आले. तो किताब राणीच्याच नावाने दिला गेला. कर्माचे फळ म्हणून महाराला उपाशी ठेवणारा भटजी आणि ईश्वरी योजना म्हणून आयरिश कुळाला उपाशी ठेवणारा साहेब, या दोघांना एका खोलीत बसवले तर त्यांना दुभाष्या लागला नसता.

हिंदुस्थानचे काय? राणीच्या राज्यारोहणाच्या वर्षीच, १८३७-३८ मध्ये, गंगा-यमुनेच्या दुआबात मोठा दुष्काळ पडला. त्यात आठ लाखांच्या आसपास माणसे मेल्याचा अंदाज आहे. तो मालिकेत नाही. दुसऱ्या पर्वाच्या आरंभी काबूलची १८४२ ची माघार येते आणि राणीला आपल्या सैनिकांचे दुःख होते. पण त्या माघारीला निघालेल्या सोळा हजारांत गोऱ्या पलटणीचे सातशेच होते. बाकीचे हिंदुस्थानी शिपाई आणि त्यांच्या मागचे बारा हजार बाजारबुणगे, म्हणजे पाणके, मोतद्दार, झाडूवाले, बायका, पोरे. त्या बारा हजारांची जात आम्ही वाचकांना सांगायला नको.

महाराष्ट्राचा एक माणूस तर मालिकेतल्या त्याच लंडनमध्ये, त्याच वर्षांत फिरत होता. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना कंपनीने सप्टेंबर १८३९ मध्ये गादीवरून काढून बनारसला पाठवले. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी त्या कारस्थानावर पुस्तक लिहिले आहे. बाळाजीपंत नातूसारख्या इंग्रजधार्जिण्या ब्राह्मणांनी बहुजनांच्या या राजाविरुद्ध कसे जाळे विणले, ते चळवळीतल्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे. राजाची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. १८५३ पर्यंत ते तिथे होते. कंपनीच्या सभांत बोलले, पत्रके छापली, अर्ज केले, कर्जात बुडाले. प्रतापसिंह १८४७ मध्ये बनारसला वारले, १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाले. पडद्यावर राणी सर्वांचे ऐकून घेते. रंगो बापूजी चौदा वर्षे दारात उभे होते आणि ब्रिटनच्या न्यायबुद्धीवर विश्वास ठेवून होते.

तरीही राणीविषयी आपल्या जुन्या पिढीला ममत्व होते, हे आम्ही नाकारत नाही. त्याचे कारण पेशवाईत आहे. ज्याने गळ्यात मडके आणि कमरेला झाडूची गोष्ट आजोबांच्या तोंडून ऐकली, त्याला कोणतेही दुसरे राज्य बरेच वाटणार. जोतीरावांनीही इंग्रजी राज्याकडून आशा केली. पण जोतीरावांची आशा पाहा कशी होती. मार्च १८८८ मध्ये पुण्यात राणीच्या मुलासाठी, ड्यूक ऑफ कनॉटसाठी, मेजवानी झाली, तिथे ते जरीची पगडी घालून मुजरा करायला गेले नाहीत. फाटक्या शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि दागिन्यांनी मढलेले हे लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खेड्यातल्या रयतेला शिक्षण द्या, असे त्यांनी राजपुत्राला तोंडावर सांगितले.

राणीच्या सुरुवातीच्या काळात मुंबई इलाख्यात शिक्षणाची काय स्थिती होती, याचा ताळेबंद बाबासाहेबांनी मांडून ठेवला आहे. मे १९२८ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात त्यांनी सरकारी कागद काढून दाखवले की, शिक्षण वरच्या वर्गांपुरतेच ठेवायचे, हे सरकारने ठरवून केले. धारवाडच्या मुलाचे प्रकरणही तिथेच आहे. जून १८५६ मध्ये एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश नाकारल्याबद्दल अर्ज केला. मुंबई सरकारने ठराव करून लिहिले की न्याय मुलाच्या बाजूला आहे यात शंका नाही, पण एकट्यादुकट्यासाठी युगायुगांच्या पूर्वग्रहात ढवळाढवळ केली तर शिक्षणाच्या कार्याचेच नुकसान होईल. न्याय तुझा, शाळा त्यांची!

मालिकेत जिथे लग्नाची घंटा वाजते, त्या सेंट जेम्स राजवाड्यातच नव्वद वर्षांनी गोलमेज परिषद भरली. तिचे उद्घाटन राणीचा नातू पाचवा जॉर्ज याने केले होते. २० नोव्हेंबर १९३० रोजी बाबासाहेब तिथे बोलायला उभे राहिले. इंग्रज येण्यापूर्वी आम्हाला गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, आता येते काय? देवळात जाता येत नव्हते, आता येते काय? पोलिसात, पलटणीत घेत नव्हते, आता घेतात काय? असा एकेक प्रश्न त्यांनी साम्राज्याच्या पंतप्रधानासमोर ठेवला आणि प्रत्येकाचे उत्तर नाही असे दिले. आभार मानण्यासाठी ते त्या राजवाड्यात गेले नव्हते. आमच्या माणसांना आमच्या हाती सत्ता हवी, हे सांगायला गेले होते.

मालिकेच्या तिसऱ्या पर्वात पुन्हा चार्टिस्ट येतात. साल १८४८, फ्रान्समध्ये राजा पळालेला, लंडनमध्ये १० एप्रिलला केनिंग्टनच्या मैदानावर सभा आणि तिसरा अर्ज. राणीला दोन दिवस आधीच कुटुंबकबिल्यासह आइल ऑफ वाइट बेटावर हलवण्यात आले. शहराचा बंदोबस्त म्हाताऱ्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनकडे दिला. हा वेलिंग्टन म्हणजे १८०३ मध्ये असईला मराठ्यांशी लढलेला वेलस्ली. हजारो मध्यमवर्गीयांच्या हातात दंडुके देऊन त्यांना तात्पुरते पोलीस केले. पाऊस आला, अर्ज घोडागाड्यांतून पार्लमेंटला गेला, तिथे कारकुनांनी खोट्या सह्या मोजून त्याची टर उडवली. त्या दिवशी विल्यम किलबर्न याने मैदानावरच्या गर्दीची छायाचित्रे घेतली. गर्दीची जगात अगदी सुरुवातीला निघालेली जी छायाचित्रे आहेत, त्यांत यांची गणना होते. ती अल्बर्टने मिळवली आणि ती राजघराण्याच्याच संग्रहात राहिली.

सभेची व्यवस्था पाहणाऱ्यांत विल्यम कफे हा पुढारी होता. बाप सेंट किट्स बेटावर गुलामीत जन्मलेला, स्वतः चॅटहॅमला जन्मलेला, धंद्याने शिंपी, उंचीने पाच फुटांपेक्षाही कमी. वृत्तपत्रांनी त्याच्या रंगावरून त्याची यथेच्छ टिंगल केली. ऑगस्टमध्ये त्याला पकडले. आपल्या बरोबरीच्या लोकांचा ज्युरी द्या, अशी त्याने न्यायालयात मागणी केली. त्याला टास्मानियाला धाडले. १८५६ मध्ये इतर राजकीय कैद्यांबरोबर त्यालाही माफी मिळाली, पण तो परतला नाही. तिथेच कपडे शिवत राहिला आणि मालक-नोकर कायद्याविरुद्ध कामगारांच्या सभांत बोलत राहिला. १८७० साली, ब्याऐंशीव्या वर्षी, तो होबार्टच्या सरकारी अनाथालयात मेला. विलायतेतल्या शहरी कामगारांपैकी घरभाडे भरणाऱ्यांना पहिल्यांदा मत मिळून तेव्हा तीन वर्षे झाली होती.